हाक आल्याशिवाय उठायचं नाही

मांडवीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बांबू रोवले जातात, त्यांच्यामध्ये पांढरा दोरा ताणला जातो, आणि हातात गुलाबी लगद्याचा गोळा घेतलेली माणसं त्या दोऱ्यावरून मागेपुढे चालायला लागतात. लगद्यात शिजवलेला भात असतो, रंग असतो आणि कुटलेली काच असते. संक्रांतीचं उत्तरायण अजून लांब असतं, पण सकाळी स्वेटर निघालेले असतात, हातगाड्यांवर ओली हळद आलेली असते, आणि पोंक, म्हणजे हुरडा, भाजल्याचा गोडसर धूर नाकात जातो. बडोद्यातल्या बाकीच्यांना हे बघून पतंग आठवतात. मला शिबिर आठवतं.

दोरी रंगवणाऱ्यांच्या बोटांकडे मी नेहमी बघते. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात. दिवसभर काच मुठीत धरून चालायचं आणि रक्त येऊ द्यायचं नाही, हे काम मीही बरीच वर्षं केलं आहे. फक्त माझी मूठ कुणाला दिसत नव्हती.

थंडी म्हणजे आमच्या नंदुरबारला मिरचीचा हंगाम. गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असे, इतकी की लांबून जमीनच लाल वाटावी. माझी आई तिथे देठ खुडायला जायची. संध्याकाळी ती घरी आली की आधी आम्ही खोकायचो आणि मग तिला हाक मारायचो. तिच्या हातांची आग रात्रभर उतरत नसे, म्हणून थंडीत आमच्या वेण्या वडील घालत. त्या घरातून मी बडोद्याला बी. एस्सी. करायला आले, ती शाळेतल्या रजनीबाईंमुळे. त्यांची बहीण बडोद्याच्या निजामपुऱ्यात राहायची. बाई माझ्या वडिलांना म्हणाल्या होत्या, मुलीला हुशारी आहे, आता तिला गाव मोठं द्या. मला त्यांचं ऋण आजही जाणवतं. चांगलं काही घडलं की पहिली आठवण त्यांची येते. पण सूड ही वेगळी गोष्ट आहे, आणि तो बाईंवरचा नव्हे. कृतज्ञता आणि सूड एकाच माणसाच्या पोटात शेजारी शेजारी राहू शकतात, आणि माझा अनुभव असा की दोघांचं भांडणही होत नाही.

नव्वदीची सुरुवात होती. अलकापुरीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागायला लागल्या होत्या. आमच्या वसतिगृहाच्या टीव्हीवर अचानक खूप वाहिन्या दिसू लागल्या होत्या, आणि जो तो 'आता जग बदलणार' असं म्हणत होता. त्या बदलणाऱ्या जगासाठी मुलांना तयार करायचं म्हणून भाऊसाहेब दर हिवाळ्यात व्यक्तिमत्त्व विकास शिबिर घेत. भाऊसाहेब म्हणजे बडोद्याच्या जुन्या मराठी घरातले. आजोबा संस्थानच्या दरबारात मोठे अधिकारी, स्वतः अलकापुरीतल्या बंगल्यात राहणारे, गोरे, उंच, पांढऱ्या बुटांतले. मराठी बोलत ते वाड्याच्या दिवाणखान्यात बसल्यासारखं, गुजराती बोलत ते मित्रासारखं, आणि इंग्रजी बोलायला लागले की आम्ही लिहून घ्यायचो. रजनीबाईंच्या बहिणीनेच त्यांना सांगून माझी तिथे सोय केली. मी नवीन चपला घेतल्या होत्या. शिबिराला नवीन चपला घालून जायचं नसतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मही नदीच्या काठी एका ट्रस्टची वाडी होती. केळीची बाग, विहीर, एक लांब पडवी, आणि मधल्या मैदानाच्या टोकाला गोरस आंबलीचं, म्हणजे विलायती चिंचेचं, मोठं झाड. त्या झाडाखाली एक चपटा दगड. पहाटे नदीवरून धुकं सरकत वाडीत यायचं आणि केळीच्या पानांवरून टपटपत राहायचं. उठायचं, कवायत, मग श्रमदान, मग सत्रं. आरशासमोर उभं राहून स्वतःची ओळख करून देणं. डोळ्यांवर पट्टी बांधून जोडीदाराच्या आवाजावर चालणं. पाठमोरं उभं राहून मागच्यांच्या हातांवर अंग टाकून देणं. हे शेवटचं मला जमलं. मी डोळे मिटून मागे पडले आणि त्यांनी मला झेललं. तेव्हा मला खरंच वाटलं होतं, की ही माणसं आपल्याला झेलणारी आहेत.

माझ्या खोलीतली हेमा पादरा गावची. तिला मराठी अर्धं समजायचं, मला गुजराती अर्धं. दोन अर्ध्यांवर आमची मैत्री चालत होती. ती मला 'मंगला' म्हणायची. बाकीचे 'पेली नंदुरबारवाळी' म्हणायचे, म्हणजे 'ती नंदुरबारची'.

शेवटच्या आदल्या संध्याकाळी भाऊसाहेबांनी होडीचा खेळ घेतला. मैदानावर फक्कीने होडीचा आकार आखला आणि आमच्या गटाला त्यात बसवलं. खेळ असा, की होडी भरली आहे, पाणी आत येतंय, तिघांना उतरवल्याशिवाय बाकीचे वाचत नाहीत. कुणाला उतरवायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि का ते तोंडावर सांगायचं. भाऊसाहेब म्हणाले, यालाच निर्णयक्षमता म्हणतात. उतरवलेला माणूस 'बुडाला'. त्याने गोरस आंबलीखाली जाऊन बसायचं, बोलायचं नाही, आणि भाऊसाहेब नावाने हाक मारून परत घेत नाहीत तोवर उठायचं नाही. नियम त्यांनी सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घेतला. हाक आल्याशिवाय उठायचं नाही. मी सर्वांत मोठ्या आवाजात म्हटला असेन. नियम म्हणण्यात मी शाळेपासून पुढे होते.

पहिलं बोट माझ्याकडेच आलं. कारणही लगेच मिळालं. कुणीतरी म्हणालं, "ए तो कंई बोलती ज नथी." ही काही बोलतच नाही. हात वर झाले. हेमाचाही झाला, अर्ध्यावर, पण झाला. मी नवीन चपला हातात घेतल्या आणि रेषेबाहेर गेले. माझ्यामागून एक चष्मेवाला मुलगा आला, मग सारखी शिंकणारी एक मुलगी. आम्ही तिघं ओळीने बसलो. दगड दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होता.

मग होडीतल्यांची चर्चा झाली, टाळ्या झाल्या, आणि भाऊसाहेब बुडालेल्यांना परत घ्यायला उभे राहिले. मुलाचं नाव घेतलं. तो पळत गेला. शिंकणाऱ्या मुलीचं घेतलं. ती गेली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की त्यांना माझं नाव आठवत नाहीये. तेवढ्यात पडवीतून थाळी वाजली, कुणीतरी "चालो, जमवा!" म्हणालं, जेवायला चला, आणि भाऊसाहेब तोंड मिटून वळले. सगळा घोळका त्यांच्यामागून जेवायला गेला.

मी बसून राहिले.

वाचणाऱ्याला हे खुळेपणाचं वाटेल. त्या वेळी मला तसं अजिबात वाटलं नाही. मी अशा घरातून आले होते, जिथे बाहेरच्या जगात पाऊल टाकायचं तर तिथले नियम पाळूनच, हे आई-वडिलांनी दूधभातासारखं भरवलं होतं. रांग मोडायची नाही. साहेबांच्या खोलीत बोलावल्याशिवाय जायचं नाही. फळ्यावर लिहिलंय तेवढंच करायचं. आमच्याकडे ओळख नव्हती, आडनाव नव्हतं, इंग्रजी नव्हतं. नियम तेवढे होते, आणि ते पाळले की आपल्यालाही इतरांइतकंच मिळतं अशी माझी समजूत होती. म्हणून मी बसले. त्यांना आठवेल म्हणून बसले. पडवीत ताटं मांडल्याचा आवाज आला. बाजरीच्या रोटल्यांचा वास आला, ओळ्याचा, म्हणजे वांग्याच्या भरिताचा, आला. कुणीतरी गूळ मागितला. हशा झाला. नदीकडून गार वारा सुटला आणि दगड थंड होत गेला. मी चपला मांडीवर घेऊन बसले होते.

जेवणं उरकल्यावर हेमा हात धुवायला विहिरीकडे आली, तेव्हा तिला मी दिसले. "तुं हजी अहीं बेठी छे?" अजून इथंच बसलीस? मी म्हटलं, मला हाक मारली नाही. ती हसली. पुढे आयुष्यभर तिने माझ्यासाठी खूप केलं, पण ते हसू माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे.

खरा घाव दुसऱ्या दिवशी सकाळी बसला. प्रार्थनेनंतर भाऊसाहेबांनी सगळ्यांना ही गोष्ट सांगितली, हसवत हसवत. त्यांचं सांगणं रंगतदार असे. म्हणाले, "काल आपल्यातलं एक माणूस उपाशी बसलं, का तर हाक आली नाही. शिस्त छान आहे. पण मुलांनो, नव्या जगात अशी माणसं झाडाखालीच बसून राहतील."

हाक मारायची कुणी विसरलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. सगळे हसले. मीही हसले, कारण सगळे हसत होते.

त्या हिवाळ्यानंतर मी बोलायला शिकले. आरशासमोर नाही, रागाने शिकले. प्रयोगशाळेत आधी प्रश्न विचारायचा, मग पाणी प्यायचं. वसतिगृहाच्या बैठकीत उभं राहायचं, गुजराती चुकली तरी वाक्य पूर्ण करायचं. पदवीचा निकाल लागला तेव्हा आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणी ग्रॅज्युएट झालं होतं. आईने शेजारी पेढे वाटले, आणि मी मनात भाऊसाहेबांना म्हणत होते, बघा, झाडाखाली नाहीये मी. माणसाने इतक्या आनंदाच्या दिवशी कुणा परक्याला मनात आणू नये. मी आणला. त्याच्याशिवाय मला पेढा गोड लागला नसता.

बी. एड. करून मी बडोद्यातल्याच एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. वर्ग दरवर्षी आकसत होते. रेल्वेतल्या, रिफायनरीतल्या मराठी लोकांची मुलंही इंग्रजी शाळांकडे वळत होती. हेमाही शिक्षिका झाली होती. आम्ही दोघींनी एक छोटं मंडळ काढलं आणि हिवाळी शिबिरं सुरू केली, वेगवेगळ्या शाळांतल्या मुलांसाठी. तोवर व्यक्तिमत्त्व विकास हा शब्द जुना झाला होता, जीवनकौशल्यं हा नवा आला होता. आम्ही मुलांना स्वतःचे कपडे धुवायला शिकवायचो, अनोळखी माणसाला रस्ता विचारायला, नाही म्हणायला, रडू आलं तर कुणाजवळ तरी रडायला. मी जागा निवडली ती महीकाठचीच. हेमा म्हणाली, जवळपास दुसऱ्या वाड्या आहेत. मी म्हटलं, तिथे गोरस आंबली नाही.

खरं सांगायचं तर ती शिबिरं मी मुलांच्या कल्याणासाठी जितकी घेतली, तितकीच त्या दगडासाठी घेतली.

आणि मग काही हिवाळे गेल्यावर एके वर्षी ट्रस्टच्या लोकांनी आम्हाला न विचारताच समारोपाचे पाहुणे ठरवले. भाऊसाहेब. मोबाईल नुकते हातोहाती आले होते. हेमाने मला फोनवरून हे सांगितलं आणि लगेच म्हणाली, "मंगला, तू शांत राहशील ना?" मी म्हटलं, हो. मी शांतच होते. सुरीला धार लावणारा माणूस शांत असतो, तशी.

ते आले. थकले होते, पण बूट पांढरेच होते. भाषणाला उभे राहिले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, या आपल्या नंदुरबारच्या बेन, आमच्याच शिबिरातून तयार झालेल्या. नाव नाही. मग ते रंगले. मुलांना म्हणाले, एक गंमत सांगतो, फार पूर्वी इथेच एक मुलगी होती, तिला हाक मारायची राहिली आणि ती रात्रीपर्यंत उपाशी बसली. त्यांनी ती मुलगी करूनही दाखवली, मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून. आमची मुलं खदखदून हसली. हेमा माझ्याकडे बघत नव्हती. इतकी वर्षं ते ही गोष्ट शिबिराशिबिरांतून सांगत आले होते, आणि त्यांना ती मुलगी समोर गळ्यात शिट्टी घालून उभी असलेली दिसत नव्हती.

मी पुढे झाले. हसत म्हटलं, भाऊसाहेब, तुमचाच होडीचा खेळ आहे, आज तुम्हीही होडीत बसा. ते खूश झाले. मुलांनी फक्की ओतली. मी नियम सांगितला, शब्दाला शब्द, आणि सगळ्यांकडून म्हणून घेतला. भाऊसाहेबांनीही म्हटला. पाणी आत आलं. कुणाला उतरवायचं, मी काही सुचवलं नाही. सुचवायची गरज पडली नाही. फतेगंजची एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली आणि अगदी आदराने म्हणाली, "दादाजी बहु लांबुं बोले छे." आजोबा फार लांबण लावतात. सगळे हात वर.

भाऊसाहेब मोठ्याने हसले आणि जाऊन त्या दगडावर बसले. त्यांच्यामागून आणखी दोन मुलं. माझं काळीज इतकं जोरात वाजत होतं की शिट्टी छातीवर हलत होती. सूर्य केळींच्या मागे उतरत होता. तीच वेळ, तेच झाड. मी दोन्ही मुलांची नावं घेतली. ती पळत आली. मग मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. तोंड उघडलं. आणि मिटलं. पडवीत थाळी वाजली. मी वळले, आणि मुलांना घेऊन जेवायला गेले.

जाताना मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. पंगतीत वाढताना मी मनात त्या दगडाचा गारवा मोजत होते. आता वास आला असेल. आता हशा ऐकू गेला असेल. बसा. तुम्हीही बसा.

भाकरीची टोपली पुढे सरकवतेय, तोच मागून आवाज आला. "अगं, रोटला गरम आहे ना? आणि गूळ कुठे ठेवलाय?" भाऊसाहेब ताट हातात घेऊन उभे होते. पँटच्या मागची धूळ झटकत होते. चेहऱ्यावर ना राग, ना संकोच. त्यांना आपल्याला हाक आली नाही, हेच मुळी लक्षात आलेलं नव्हतं. भूक लागली, उठले, आले. मी गूळ वाढला. दुसरं काय करणार होते? ते पाटावर बसून शेजारच्या मुलाला जुन्या बडोद्याच्या गोष्टी सांगू लागले आणि पोटभर जेवले.

गाडी गेल्यावर हेमा ताटं गोळा करता करता म्हणाली, "तने वेर वाळवुं हतुं ने? ए तो जमीने गया." तुला सूड घ्यायचा होता ना? ते तर जेवून गेले. मी तिच्यावर चिडले, आणि मग विहिरीच्या कठड्याला धरून इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस मी भांडत राहिले, स्वतःशी आणि त्यांच्याशी. माझ्या वेळच्या शिबिरात ते सकाळी जे म्हणाले होते, की अशी माणसं झाडाखाली बसून राहतील, ते खरं होतं. हे कबूल करणं मला सर्वांत जड गेलं. पण ते त्यांनी सांगितलं कधी? मी उपाशी बसून झाल्यावर. हाक आल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम त्यांनी आम्हाला दिला, आणि हाकेची वाट बघायची नसते, हे शहाणपण स्वतःच्या माणसांना दिलं. त्यांच्या घरात ते कुणी शिकवावंही लागत नसेल. पाटावर बसायला मिळणारच, ही खात्री जन्मापासून जिच्या अंगात असते, त्या व्यक्तीला दगड कधी थंड लागत नाही. मी इतकी वर्षं त्यांना ज्या शिक्षेत बसवायचं म्हणत होते, ती शिक्षा त्यांच्यासाठी नव्हतीच. ती आज्ञाधारक लेकरांसाठी बनवलेली होती.

हे उमगल्यावर माझा राग कमी झाला नाही. त्याला फक्त कामाला लावता आलं.

होडीचा खेळ मी अजून घेते. आता बोटं दाखवणं नाही. चिठ्ठ्या टाकते, ज्याची निघेल तो बुडाला. नियम तोच, सगळ्यांकडून म्हणून घेते. मग हाक मारत नाही. थाळी वाजते, मी पडवीच्या खांबाला टेकून बघत बसते. उठून येणारी मुलं कोण, ते मला आधीच कळतं. न उठणारी कोण, तेही. त्यांच्यासाठी मी गरम रोटले फडक्यात गुंडाळून ठेवते, आणि फार वेळ जाऊ न देता स्वतः दगडाजवळ जाऊन बसते. मग आम्ही बोलतो, नियम कशासाठी असतो, आणि भूक लागल्यावर कुणाची वाट बघायची नसते, याबद्दल. हेमाला हे पसंत नाही. ती म्हणते, मुलांना थोडा वेळ का होईना बसवतेस ना, तूही भाऊसाहेबांसारखीच. असेन. पण मी शेजारी जाऊन बसते.

यंदा डभोईच्या बाजूची एक मुलगी आली होती. दोन्ही वेण्या वर बांधलेल्या, प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आधी उभी राहणारी. तिची चिठ्ठी निघाली. ती दगडावर बसली तशी मला बघवेना. हात मांडीवर, मान खाली. थाळी वाजली. तिच्यासोबत बुडालेला दुसरा मुलगा उठून आला. ती बसलीच. मी रोटले फडक्यात गुंडाळायला घेतले. मग पाहिलं तर ती उभी होती. इकडेतिकडे बघत, एकेक पाऊल टाकत, फक्कीची रेघ ओलांडून ती पडवीपर्यंत आली आणि ताट घेतलं. मी मुद्दाम आवाज कडक केला. "तुला कुणी हाक मारली?"

ती घाबरली. पण ताट तिने खाली ठेवलं नाही. "कुणी नाही, बाई. भूक लागली."

मी तिच्या पानात रोटला वाढला, गूळ वाढला, आणि नंदुरबारहून आईने पाठवलेल्या मिरच्यांचा ठेचाही वाढला. तिखट आहे, सांभाळून, म्हटलं.

मांडवीला दोरी रंगवणारे पुन्हा चालायला लागले आहेत. पुढच्या आठवड्यात आमचं दुसरं शिबिर आहे. भाऊसाहेबांना मी निमंत्रण पाठवलेलं नाही. पण मनात आलं तर ते येतील, त्यांना बोलावणं लागत नाही. येऊ देत. फक्त जेवायच्या वेळी त्यांच्या आधी ताट घेऊन उभी राहिलेली खूप मुलं असतील, आणि भाऊसाहेबांना रांगेत शेवटी उभं राहावं लागेल.